तक्रारी निरंक

बुधवार, ५ फेब्रुवारी

नवी वही आजपासून. जुनीत पानं शिल्लक होती, पण हिने मधल्याच पानावर साबण, काडेपेटी, मेणबत्त्या अशी यादी लिहून ठेवली. त्या यादीखाली नदीचं वर्णन काही बरं दिसेना.

सकाळी धक्क्यावर जाऊन आलो. म्हणजे धक्क्याभोवतीच्या पत्र्यांपर्यंत. तिथल्या लाँचच्या तिकीट खिडकीत मी एकतीस वर्षं बसलो. आता सहा वर्षं झाली, चहूबाजूंनी हिरवे पत्रे ठोकून आत नूतनीकरण चालू आहे. चालू आहे असं फलक म्हणतो. पत्र्याला माझ्या उंचीवर एक भोक आहे, त्यातून मी रोज डोकावतो. आज आत भिंतीला एक फावडं टेकून ठेवलेलं दिसलं. गेल्या आठवड्यातही ते तिथेच टेकलेलं होतं. ते बिचारं थकलं असेल.

फलकावर होणाऱ्या धक्क्याचं चित्र आहे. कारंजं, बाकं, दिव्यांची रांग, हातात हात घालून चाललेलं एक जोडपं. खाली ‘काम पूर्ण होण्याची तारीख’, चार वेळा खोडून रंगवलेली. धक्क्यासमोर ज्यांचं दुकान आहे ते शिंपीबुवा म्हणतात, “काका, या अख्ख्या कामात पोटापाण्याला लागलाय तो फक्त रंगारी.”

चौथीच्या पुस्तकात नदीची एक कविता होती. गुरुजी टेबलावर पट्टी आपटून ताल धरत आणि आम्ही साठ पोरं एका सुरात नदीला हाका मारायचो. धक्का उघडला की पहाटे पहिल्या पायरीवर बसून ती एकदा मोठ्याने म्हणायची, एवढंच माझं मागणं.

आज बुधवार, म्हणून ही गप्प. पूर्वी दर बुधवारी दहाच्या लाँचने ही पलीकडच्या काठावर ताईंकडे जायची, पाचच्या लाँचने परत. ताई म्हणजे हिची थोरली बहीण. लाँचने बारा मिनिटं. आता पुलावरून जायचं तर दोन बस आणि पावणेदोन तास. दोन वर्षांपूर्वी हिचा मणका दुखावला, तेव्हापासून डॉक्टरांनी धक्के बसतील असा प्रवास बंद केला. ताई एकोणऐंशीच्या, त्यांना ऐकू येत नाही. समोरच्याच्या तोंडाकडे बघून त्यांना कळतं. फोनवरचा दिवा लुकलुकला की त्या उचलतात, पण उपयोग नाही. आज संध्याकाळी हिने करून पाहिला.

“ताई, मी बोलतेय. मी. अगं, मी.”

पलीकडून, “कोण पाहिजे?”

दोन-तीन वेळा असं झालं. मग हिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, “तुम्ही ते धक्क्याचं पत्र टाकलंत का?”

मी म्हटलं, टाकतो. शेवटचं कडवं राहिलं आहे.


मंगळवार, ११ फेब्रुवारी

पत्र टाकलं. धक्क्याबद्दलचं हे माझं अकरावं पत्र. गल्लीने हे काम एकमताने माझ्यावर सोपवलेलं आहे, कारण माझं अक्षर चांगलं आणि भाषेला वळण आहे. नदीकाठ विकास कार्यालयाचा छापील अर्ज असतो. त्यात ‘तक्रारीचे स्वरूप’ असा एक चौकोन आहे, काडेपेटीएवढा. माझं लेखन त्यात कसं मावणार? तिथे मी ‘सोबत जोडले आहे’ असं लिहितो आणि कविता जोडतो. या वेळची सुरुवात अशी :

नदीकाठी उभा धक्का
पत्र्याआड दडलेला,
जसा लाजरा पाहुणा
दाराआड थांबलेला.

हिला वाचून दाखवली. म्हणाली, “सहा वर्षं दाराआड? मग त्याला कुणी आत का घेत नाही?”

कवितेत असं विचारायचं नसतं.


बुधवार, २६ फेब्रुवारी

कार्यालयाचं उत्तर आलं! ‘आपले लेखन प्राप्त झाले. आपल्या भावनांची कदर आहे. योग्य प्रसंगी त्याचा उपयोग करण्यात येईल.’ सही, शिक्का, सगळं.

मागच्या दहाही पत्रांना अगदी असंच उत्तर आलं होतं. सरकारी माणसं इतक्या सातत्याने वागतात हे पाहून समाधान वाटलं. शिंपीबुवांना दाखवलं. तोंडातल्या टाचण्या काढून त्यांनी ते दोनदा वाचलं.

“काका, हे तक्रारीचं उत्तर वाटत नाही. लग्नाच्या अहेराला लिहितात तसं वाटतंय.”

“भाषा सभ्य आहे, एवढंच.”

“असेल बुवा. आम्हाला सभ्य उत्तराची सवय नाही.”


सोमवार, ३ मार्च

ताईंच्या मुलाचं हिला पत्र. तो लांबच्या शहरात असतो. आई एकटी राहते याचा त्याला घोर लागला आहे. मेच्या अखेरीस येऊन तिला कायमची घेऊन जाणार. घरही काढून टाकणार.

पत्राची घडी घालत ही म्हणाली, “मे म्हणजे तीन महिने.”

मी धीर दिला. म्हटलं, अकरा पत्रं गेली आहेत, पाणी कुठेतरी मुरतंच आहे. आणि नदी काय, ती दोन्ही काठांची असते. आपल्या दृष्टीने पलीकडे ते तिच्या दृष्टीने...

“अहो, मला ताईला भेटायचंय. नदीला नाही.”

हिचा स्वभाव पहिल्यापासून थोडा गद्य आहे.


बुधवार, १९ मार्च

धक्क्याचे इंजिनियर आले होते. गल्लीत त्यांना तिमाहीसाहेब म्हणतात, कारण काहीही विचारा, ते ‘पुढच्या तिमाहीत’ असं सांगतात. नम्र, कष्टी चेहऱ्याचा माणूस. मी भोकाशी होतो, ते आतून बघत होते. एकमेकांचा एकेक डोळा दिसला.

“पुढच्या तिमाहीत, आजोबा,” आतला डोळा म्हणाला.

मी काही विचारलंही नव्हतं.


सोमवार, ७ एप्रिल

आजचा दिवस सोन्याचा!

कार्यालयात स्वतः जाऊन आलो. हिने सकाळी धोशाच लावला होता, “पत्रं पुरे, आता पायांनी जा.” आवक-जावकच्या टेबलावर एक बाई बसतात. चष्मा दोरीला बांधलेला, टेबलावर शिक्क्यांची रांग लावलेली. मी नाव सांगताच त्या उभ्या राहिल्या. खुर्चीतून, माझ्यासाठी.

“तुम्हीच का ते काका? बसा, बसा. अहो, आमच्याकडे सगळ्यात जास्त साहित्य तुमचंच आहे.”

कपाट उघडून त्यांनी एक जाडजूड फाइल काढली. वर लिहिलेलं, ‘उद्घाटन स्मरणिका : साहित्य विभाग’. आत माझी अकराही पत्रं, भोकं पाडून क्रमवार लावलेली. धक्क्याचं उद्घाटन होईल तेव्हा गुळगुळीत कागदावर स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात माझ्या सगळ्या कविता छापल्या जाणार आहेत. त्या पाहुण्याच्या कवितेखाली तर बाईंनी पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे, ‘पान पहिले, चौकटीत’.

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी छापून येणार. गुरुजी असते तर पट्टी आपटली असती.

मी उगाच इकडेतिकडे बघत बसलो होतो. टेबलावर तक्रारींचं रजिस्टर उघडं होतं. इतर काठांच्या नावांपुढे ही गर्दी. आपल्या काठापुढे मात्र सहाही वर्षं एकच शब्द, सुरेख वळणदार : निरंक. बाई म्हणाल्या, “तुमच्या काठाची माणसं फार सोशिक हो. एक तक्रार नाही. म्हणून तर वरिष्ठांनी आधी बाकीचे काठ हाती घेतले. ओरडणाऱ्याला आधी द्यावं लागतं ना.”

आपल्या काठाचं असं कौतुक ऐकून ऊर भरून आला. येताना शिंपीबुवांना सांगणार होतो, पण दुकान बंद होतं. ही शेजारणीकडे गेली होती, ती उशिरा आली आणि लगेच झोपली. उद्या सकाळी चहाबरोबर सांगेन. बातमीला वेळ शोभली पाहिजे.


मंगळवार, ८ एप्रिल

सांगितलं. साहित्य विभाग, गुळगुळीत कागद, चौकट, सगळं सांगितलं. ही ऐकत होती. मग कप खाली ठेवून तिने एवढंच विचारलं,

“मग तक्रार कुठे लावली?”

“कसली?”

“धक्क्याची.”

डोळ्यांसमोर ते रजिस्टर आलं. आपला काठ, आणि त्याच्यापुढे तो सुरेख शब्द.

ही रागावली नाही. रागावली असती तर सोपं होतं. कपबश्या उचलून आत गेली, पाठीचा पट्टा बांधला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुपारी मी दारातून विचारलं, काही हवंय का? म्हणाली, “एप्रिल आणि मे.”

आता आणखी लिहवत नाही.


बुधवार, ९ एप्रिल

साधा तक्रार अर्ज लिहायला बसलो. ‘महोदय, धक्का बंद आहे.’ इथपर्यंत ठीक झालं. पुढे ‘बंद’ या शब्दाला एकटं वाटेल म्हणून ‘कळीसारखा’ घातलं. मग कळी उमलायला पहाट लागली, पहाटेला पक्षी. कागद फाडला.

दुसऱ्या कागदावर दुसऱ्याच ओळीत नौका आली. तिसऱ्यावर मी स्वतःला सक्त ताकीद दिली आणि नुसता आकडा लिहिला, ‘सहा वर्षे’. मग ‘वर्षे’ला ‘हर्षे’ सुचलं.

संध्याकाळपर्यंत पाच कागद झाले. एकतीस वर्षं खिडकीतून मी लोकांशी दोन शब्दांत बोलत होतो. कुठे? किती? एवढंच. तो माणूस कुठे गेला?


गुरुवार, १० एप्रिल

सकाळी कोरा अर्ज घेऊन हिच्यापुढे बसलो. म्हटलं, “तू सांग, मी लिहितो.”

“मला कुठे तुमच्यासारखं येतं?”

“म्हणूनच.”

ही बटाटे सोलत होती. सुरी न थांबवता बोलत गेली. दोन ठिकाणी मला विशेषण घालावंसं वाटलं. दोन्ही वेळा हिने सुरी उगारली नाही, नुसती थांबवली. तो काडेपेटीएवढा चौकोन भरून थोडी जागा उरली. उतरवून ठेवतो :

‘माझी बहीण पलीकडच्या काठावर राहते. ती एकोणऐंशीची, मी सत्तरची. तिला ऐकू येत नाही. समोर बसलं तरच बोलता येतं. माझ्या पाठीला बस चालत नाही, लाँच चालते. लाँच सहा वर्षे बंद आहे. दोन वर्षांत आम्ही भेटलो नाही. मेअखेर तिला मुलगा लांब नेणार आहे. धक्क्याच्या बाजूच्या पायऱ्या शाबूत आहेत. कारंजे नको. एक फळी आणि एक लाँच हवी.’

खाली हिने सही केली. माझी नको म्हणाली. “तुमचं नाव दिसलं तर पुन्हा त्या फाइलीत घालतील.”

कार्यालयात नेऊन दिला. आवकबाईंनी वाचला, चष्मा पुसला आणि रजिस्टर ओढून आपल्या काठापुढे ‘एक’ लिहिलं. मग जरा नाराजीने म्हणाल्या, “पण काका, यात नेहमीची मजा नाही हो.”


मंगळवार, २२ एप्रिल

तिमाहीसाहेब घरी आले. तक्रार नोंदली की पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं असा नियम आहे म्हणे. हिने चहा दिला. साहेब कप हातात धरून एकदम बोलायला लागले.

“आजी, एक तक्रार हवी होती हो मला. फक्त एक. बाजूच्या पायऱ्या उघडून तात्पुरती लाँच सोडायचा प्रस्ताव चार वर्षं माझ्या टेबलावर पडून आहे. वरून दर वेळी विचारतात, मागणी कुणाची आहे? मी रजिस्टर मागवतो. रजिस्टरमध्ये निरंक. त्या पत्र्याआड मी एकटा फिरत असतो, वाटतं, कुणी तरी भांडा रे माझ्याशी.”

“आमच्या यांना भांडता येत नाही,” ही म्हणाली. “यमक जुळत नाही.”

मी बशीवरच्या फुलांकडे बघत होतो. सहा पाकळ्या आहेत. इतकी वर्षं वापरतोय, मोजल्या नव्हत्या.

जाताना हिने विचारलं, “मग कधी?”

साहेबांच्या ओठांवर तो शब्द आलेला मी पाहिला. त्यांनी तो गिळला आणि म्हणाले, “सात मे. बुधवारी.”


बुधवार, ७ मे

बाजूचे दोन पत्रे काढलेले. पायऱ्या धुतलेल्या, एक फळी टाकलेली. लाँच लहान, दहा माणसांची. फक्त बुधवारी चालणार, सकाळी दहाला जायची, पाचला यायची.

मी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिशात चार कडवी होती, प्रसंगानुरूप. दोन्ही तिकिटं मीच काढली. फळीपाशी हिने त्यातलं एक माझ्या हातात परत ठेवलं.

“तुम्ही नका येऊ.”

“का गं?”

“ताईला एका वेळी एकाच तोंडाकडे बघता येतं.”

लाँचवाल्याने हात दिला, ही चढली आणि पट्टा सावरून पुढच्या बाकावर बसली, काठाकडे पाठ करून. मी कागद उलगडेपर्यंत लाँच मध्यावर पोचली होती. कविता मग शिंपीबुवांना म्हणून दाखवली. ते म्हणाले, “छान आहे, पण काकू बाही आखूड करायला ब्लाउज देऊन गेल्यात, तो घेऊन जा.”

पाचच्या लाँचमधून सात माणसं उतरली. त्यांत ही नव्हती. लाँचवाला म्हणाला, “आजींनी सांगितलंय, पुढच्या बुधवारी येते. आणि गॅस बंद केलाय का ते बघा.”

गॅस बंद होता. पेटवलाच कुणी होता?


गुरुवार, ८ मे

बटाटे उकडले. मीठ कुठे असतं ते कळलं नाही.


शनिवार, १० मे

मीठ सापडलं. डब्यावर ‘साखर’ लिहिलं आहे. साखरेच्या डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. पन्नास वर्षं ही व्यवस्था चालू असणार आणि मला पत्ता नाही.

आज बाजूच्या पायरीवर पहाटे जाऊन बसलो. इतकी वर्षं हेच मागत होतो. पाणी होतं, तांबडं फुटत होतं, पलीकडच्या काठावर आपलं माणूस होतं. कवितेला लागणारी सगळी सामग्री हजर. चौथीतली ती कविता म्हणायला घेतली, दुसऱ्या कडव्यापाशी अडलो. पुढची ओळ काय ते आठवेना. मला सारखं वाटत होतं, हिने पट्टा बांधला असेल ना.


सोमवार, १२ मे

शिंपीबुवा म्हणाले, “काका, काकूंना कळवा, तुम्ही सुकलात.”

“कसं कळवू? तिथला फोन ताईच उचलतात.”

“मग बसा काठावर.”

बसलो.


बुधवार, १४ मे

ही आली. साडेचारपासून मी फळीपाशी होतो. उतरताना तिने माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि पायरीवर बसलीच. पाठ दुखते का म्हणून विचारलं. “नाही. जरा बसू या.”

आठ दिवसांत काय बोलणं झालं ते विचारलं. म्हणाली, “सगळं तुम्हाला कशाला सांगायचं?” आणि लाँचवाला दोर बांधून जाईपर्यंत पाण्याकडे बघत राहिली. मग आपणहून म्हणाली की पहिले दोन दिवस ताई नुसत्या हिचा चेहरा हातात धरून बसल्या होत्या. बोल, म्हणायच्या. काहीही बोल.

मी गप्प राहिलो. मला ते जमलं.

घरी आल्यावर बाकीचं कळलं. रविवारी ताईंचा मुलगा आला होता, सामान बघायला. ताईंनी त्याला सांगितलं, “येते मी तुझ्याकडे, नाही कशाला म्हणू? पण हा धक्का पुरा होऊ दे. त्या चित्रातल्या बाकावर मला एकदा बसायचंय. मग तू म्हणशील तिथे येते.”

पलीकडच्या काठावरही हाच फलक आहे. मुलगा जाऊन वाचून आला. नुकतीच रंगाऱ्याने ताजी तारीख घातली आहे, ऑगस्टची. “एवढंच ना, तीन महिने थांबू,” म्हणाला. तोवर शेजारच्या बाई सोबतीला झोपतील अशी व्यवस्था लावली आणि निघून गेला.

“भोळा आहे हो,” ही म्हणाली. “लांब राहिलेला मुलगा. लिहिलेलं सगळं खरं मानतो.” आणि हसायला लागली. पट्टा धरून हसत होती. हे हसणं मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं, हेही मला आजच कळलं.


गुरुवार, १५ मे

संध्याकाळी शिंपीबुवा आले, बरोबर गल्लीतली चार माणसं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर उत्साह.

“काका, एका तक्रारीने पायऱ्या उघडल्या. आता लोखंड तापलंय. सगळ्या धक्क्यासाठी एक कडक अर्ज द्या. तिमाहीसाहेब म्हणतात, आणखी एक तक्रार आली की वरचे लोक हलतील, ऑगस्टात खरंच काम पुरं होईल.”

“ऑगस्टात? खरंच?”

“खरंच. फक्त तक्रार नीट लिहा. तसं तुमच्या हाताला आता वळण आलंच आहे.”

मी आत पाहिलं. ही दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. पुढच्या बुधवारी ताईंकडे न्यायची पिशवी तिने आजच भरून खुंटीला लावली आहे.

म्हटलं, लिहितो. रात्रीच बसतो.

मंडळी गेली. शिंपीबुवांचा मी अपराधी आहे. त्यांच्याकडून दोन सदरे शिवून घेईन. छापील अर्ज पुढे ओढला. ‘तक्रारीचे स्वरूप’ या चौकोनात माझ्या उत्तम अक्षरात लिहिलं, ‘सोबत जोडले आहे’. हिने टेबलावर कोऱ्या कागदांची चळत आणून ठेवली, दिवा जवळ सरकवला.

“विशेषणं घालू का थोडी?” मी विचारलं.

“हवी तेवढी घाला.”

अठरा कडवी झाली आहेत. नदीवर अजून नुसतं तांबडं फुटतं आहे.